दंड भरायला पैसे नव्हते म्हणून आत काढलेले २३ दिवस – काम करून दंड फेडता येत नाही का?

माग_आणि_मी (धागालेखक)

नमस्कार मंडळी. हे लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, कारण गोष्ट माझ्या घरची नाही, मागच्या गल्लीतली आहे. ज्यांची आहे त्यांना विचारूनच लिहितोय. नाव, कोर्ट, तुरुंग काहीच लिहिणार नाही. कुणी विचारूही नका.

मी सोलापुरात एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहितो. आमच्या मागे एक यंत्रमाग कामगार राहतात. घरात तेलुगू, बाहेर मराठी. सगळे त्यांना अण्णाच म्हणतात. काही वर्षांपूर्वी रात्रपाळीत त्यांचं दुसऱ्या कामगाराशी भांडण झालं आणि रागाच्या भरात अण्णांनी धोटा (मागावर आडवा धागा नेणारं साधन) फेकून मारला. ज्यांनी धोटा हातात धरलाय त्यांना कळेल, लाकडी असला तरी दोन्ही टोकांना लोखंडी अणी असते. समोरच्याच्या भुवईवर चार टाके पडले. चूक अण्णांची होती आणि ते आजही तसंच सांगतात. पुढे दोघांचं बोलणं सुरू झालं, एकाच शेडमध्ये शेजारच्या मागांवर काम करू लागले. पण केस कलम ३२४ ची होती, म्हणजे धोकादायक हत्याराने इजा केल्याची. ह्या कलमात आपसात मिटवता येत नाही असं सांगितलं गेलं. तारखा पडत राहिल्या.

शेवटी निकाल लागला. कैद नाही, फक्त दंड १२,००० रुपये. न भरल्यास २ महिने साधी कैद.

अण्णांच्या खिशात त्या दिवशी १,८०० रुपये होते. वकिलांनी सांगितलं, भरा, नाहीतर आत जावं लागेल. मुदत मागता येते का, हप्ते मिळतात का, हे ना ह्यांनी विचारलं ना कुणी सांगितलं. अण्णा आत गेले.

आता माझ्या धंद्याची सवय म्हणून हिशेब मांडतो. १२,००० भागिले ६० दिवस, म्हणजे तुरुंगातल्या एका दिवसाला २०० रुपये दंड फिटतो. अण्णांना त्या दिवसांत मागावर रोजचे साडेपाचशेच्या आसपास पडत होते. ते २३ दिवस आत होते. त्यातल्या तीन सुट्ट्या सोडल्या तर २० दिवसांचे ११,००० बुडाले. जवळजवळ अख्खा दंड त्यांनी तेवढ्या दिवसांत कमावला असता!

२३ व्या दिवशी ते सुटले, कारण आतल्याच एका कैद्याने त्यांना सांगितलं होतं की जितके दिवस भोगले तितका दंड वजा होतो आणि उरलेलाच भरावा लागतो. उरले होते ३७ दिवसांचे ७,४००. वहिनींनी भिशी उचलली, मुलीच्या अकरावीसाठी लावलेली. म्हणजे ११,००० बुडाले, ७,४०० गेले. आणि सरकारच्या हाती काय लागलं? १२,००० च्या जागी ७,४००, वर एका धडधाकट माणसाला २३ दिवस जेवू घालायचा खर्च.

वहिनी विड्या वळतात. त्या २३ दिवसांत मी एकदा त्यांच्या घरी गेलो होतो. रात्रीचे साडेदहा वाजले असतील. सूप मांडीवर, शेजारी भिजवलेल्या पानांचं ओलं फडकं, आणि मुलगी कात्रीने पानं कापून देत होती. शाळेचा गणवेश तसाच अंगावर. वहिनींची बोटं चाललेली, मान वर नाही. म्हणाल्या, "रोजच्यापेक्षा जास्त वळायलेय, पण घाईत वळलेल्या तपासणीत बाजूला काढतात." नवऱ्याच्या दंडाची मजुरी ही बाई आणि पोर करत होती.

अण्णांनी मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. आत मारहाण नाही, शिवीगाळ नाही, जेवण ठीक. पण दिवस जात नाही. "काम द्या म्हटलं. झाडतो, संडास धुतो, काय बी करतो."

म्हणून विचारतो. आपल्या कायद्यात काम करून दंड फेडायची सोय आहे का? नसेल तर का नाही? ज्यांना माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

जुळेसोलापूरकर

वाचून वाईट वाटलं, विशेषतः मुलीचं. पण एक विचारू? धोटा भुवईऐवजी डोळ्यात गेला असता तर आपण इथे वेगळा धागा वाचत असतो. दंड टोचला पाहिजे म्हणूनच असतो. तो काम करून सहज फिटायला लागला तर त्याची भीती राहील का?

माग_आणि_मी (धागालेखक)

@जुळेसोलापूरकर, दंड टोचावा ह्याला माझी हरकत नाहीच. १२,००० अण्णांना टोचलेच असते, महिनाभराचा पगार आहे तो. माझं म्हणणं इतकंच की ज्याच्याकडे १२,००० आहेत तो त्याच दिवशी संध्याकाळी घरी जेवतो आणि ज्याच्याकडे नाहीत तो दोन महिने आत. गुन्हा तोच, न्यायाधीशांनी दिलेली शिक्षाही तीच.

काळा_कोट

फौजदारीत वीस वर्षं काम करतो. जरा लांबण लागेल, पण धाग्याचा विषय इतका कमी बोलला जातो की नीट लिहितो.

आधी सर्वात महत्त्वाचं. हप्ते मिळतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४२४ होतं, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तेच ४६४ आहे. शिक्षा फक्त दंडाची असेल आणि दंड लगेच भरता येत नसेल, तर कोर्ट ३० दिवसांपर्यंत मुदत देऊ शकतं किंवा दोन-तीन हप्ते पाडून देऊ शकतं. पहिला हप्ता ३० दिवसांच्या आत, पुढचे ३०-३० दिवसांच्या अंतराने. तोवर कैद स्थगित आणि माणूस बंधपत्रावर घरी. अण्णांची शिक्षा फक्त दंडाची होती, म्हणजे ही तरतूद त्यांना तंतोतंत लागू होती. चार-चार हजारांचे तीन हप्ते! एक साधा अर्ज, तोही त्याच दिवशी, त्याच टेबलावर. हा अर्ज दिला गेला नाही ह्याचं मला एक वकील म्हणून फार वाईट वाटतं.

दुसरं, तुम्ही लिहिलेला दिवसांचा हिशेब बरोबर आहे. जुन्या दंडसंहितेत कलम ६८ आणि ६९ होते. पूर्ण दंड भरला की कैद तिथेच संपते. आणि काही भाग भरला तर उरलेल्या रकमेच्या प्रमाणात भोगलेले दिवस पुरेसे असतील तरी संपते. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे, त्यात हे सगळं एकट्या कलम ८ मध्ये गोळा केलंय. आत असताना कोणत्याही दिवशी उरलेली रक्कम भरून सुटता येतं, हे घरच्यांना माहीतच नसतं. अण्णांना ते आतल्या सोबत्याकडून कळावं लागलं.

ही कैद किती असू शकते ह्यालाही मर्यादा आहे. मूळ गुन्ह्याला कैद आणि दंड दोन्ही असतील तर त्या गुन्ह्याच्या कमाल कैदेच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. नुसत्या दंडाचाच गुन्हा असेल तर कैद साधीच, आणि १८६० च्या कायद्यात त्याचे टप्पे होते ५० रुपयांपर्यंत २ महिने, १०० पर्यंत ४ महिने, त्यावर ६ महिने. हे ५० आणि १०० रुपये २०२४ पर्यंत तसेच होते! आता ५,००० पर्यंत २ महिने, १०,००० पर्यंत ४ महिने आणि त्यावर १ वर्षापर्यंत.

आणि एक गैरसमज. "जेल भोगली की दंड माफ" असं लोक सर्रास धरून चालतात. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये स्पष्ट सांगितलंय की दंड न भरल्याबद्दलची कैद ही गुन्ह्याची शिक्षाच नव्हे, न भरल्याचा तो परिणाम आहे. दंडाचं देणं वेगळं उभं राहतं. पूर्ण कैद भोगल्यावर पुन्हा वसुलीचं वॉरंट काढायला कोर्टाला खास कारणं लेखी द्यावी लागतात, हे एक संरक्षण. माणूस वारला तरी त्याच्या मालमत्तेवरचं ते देणं उठत नाही. खटला चालू असताना जे दिवस आत काढले त्यांची वजावट मुख्य शिक्षेतून मिळते, दंडाच्या कैदेतून नाही.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे. काम करून दंड फेडायची सरळ सोय आपल्याकडे नाही. नव्या संहितेत "सामुदायिक सेवा" ही शिक्षा पहिल्यांदा आली, पण ती मोजक्या सहा गुन्ह्यांना. ५,००० पेक्षा कमी किमतीची पहिली चोरी, तीही वस्तू किंवा किंमत परत केल्यावर. दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा. अब्रुनुकसानी. असे. म्हणजे न्यायाधीश सुरुवातीलाच दंडाच्या जागी काम सांगू शकतात. पण एकदा दंड ठोठावला आणि तो भरता आला नाही, तर "बरं, मग काम कर" असं म्हणायला कायद्यात जागा नाही. अण्णांच्या कलमाला तर ती पहिली वाटही नव्हती.

कडकभाकर

होय की ओ वकीलसाहेब, हे हप्त्याचं आम्हाला आज कळालंय. माझ्या चुलत्यानं दोन वर्षांमागं म्हैस विकून दंड भरलाय. एका दिवसात विकली, पडल्या भावात. दुधावर घर चालत होतं त्यांचं.

भीमाकाठचा

मी दुसऱ्या बाजूने लिहितो, राग मानू नका.

माझ्या धाकट्या भावाला बांधाच्या भांडणात मारलं होतं. हात मोडला. सहा महिने शेतात काही करता आलं नाही, ऊस तोडणीला माणूस लावावा लागला. आरोपींना दंड झाला आणि त्यातून भावाला नुकसानभरपाई द्यावी असा आदेश झाला. एकाने भरली. दुसरा म्हणाला, पैसे नाहीत, आत बसतो. बसला आणि बाहेर आला. आमच्या हाती त्याच्या वाट्याचं काही आलं नाही. गावात आम्हालाच म्हणतात, त्यानं भोगलं की, आता काय पाहिजे?

तो आत बसला ह्याने भावाचा हात जुळला नाही आणि दवाखान्याचं बिलही फिटलं नाही. उद्या तुम्ही म्हणाल, त्याने बसस्थानक झाडून दंड फेडला. झाडू दे. भावाला काय मिळालं?

माग_आणि_मी (धागालेखक)

@भीमाकाठचा, राग कसला? तुमचा प्रतिसाद वाचून मी अर्धा तास नुसता विचार करत बसलो. माझ्या हिशेबात जखमी झालेला माणूस नव्हताच. मी सरकार आणि अण्णा असे दोनच रकाने मांडले होते. चार टाके ज्याला पडले त्याचा रकानाच नाही. तुमचं बरोबर आहे.

म्हणजे काम बिनपगारी असून चालणार नाही. कामाला मोल हवं आणि ते मोल ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडे आधी गेलं पाहिजे.

काळा_कोट

@भीमाकाठचा, ती भरपाई अजून मेलेली नाही. दंडाच्या रकमेतून भरपाईचा आदेश असेल तर वसुलीसाठी अर्ज करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये एका चेकच्या खटल्यात म्हटलंय की भरपाईपोटीची कैद भोगली तरी भरपाईची वसुली थांबत नाही. तुमच्या आदेशाचे शब्द नेमके काय आहेत त्यावर अवलंबून राहील, कारण भरपाई स्वतंत्र दिली की दंडातून दिली ह्याने फरक पडतो. निकालाची प्रत घेऊन कुणाही चांगल्या वकिलाला दाखवा. मुदतीचा प्रश्न असतो, उशीर करू नका. हायकोर्टात जायची वेळ आली तर १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहे, मुंबईच्या खेपा वाचतात.

माजी_रक्षक

तुरुंग खात्यातून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. येरवडा, पैठण आणि आणखी दोन ठिकाणी नोकरी केली.

अण्णांना काम का मिळालं नसेल ते सांगतो. कैद दोन प्रकारची, सक्त आणि साधी. सक्तमजुरीवाल्याला काम करावंच लागतं. साध्या कैदेवाल्यावर काम लादता येत नाही, पण त्याची इच्छा असेल तर द्यावं असं १८९४ च्या तुरुंग कायद्याच्या कलम ३६ मध्ये स्पष्ट आहे. कामाचे तास दिवसाला ९ च्या वर नाहीत. आता कायद्यात आहे म्हणून महिन्या-दोन महिन्यांसाठी आलेल्या माणसाला काम लागतंच असं नाही. मोठ्या मध्यवर्ती कारागृहात सुतारकाम, विणकाम, शिवणकाम, बेकरी असे कारखाने असतात. तिथे माणूस शिकवून तयार करायला वेळ जातो, म्हणून लांब शिक्षेवाले घेतात. लहान जिल्हा कारागृहात मुळात कामच थोडं. अण्णांसारखा तयार विणकर आत येतो आणि त्याला माग मिळत नाही, हे मला फार लागलं. येरवड्यात आम्ही मागावर बसवायला माणसं शोधायचो.

पगाराचं म्हणाल तर १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या प्रकरणात सांगितलं की सक्तमजुरी कायदेशीर आहे, पण कैद्याला कामाचा न्याय्य मोबदला द्यावा लागेल, आणि त्यातला काही भाग पीडितांच्या भरपाईसाठी बाजूला काढायचा कायदा राज्यांनी करावा. @भीमाकाठचा, तुमचा मुद्दा तेव्हाच मांडला गेला होता. आपल्याकडे कुशल, अर्धकुशल, अकुशल असे दर आहेत. २०२३ मध्ये वाढले तरी कुशल कैद्याचीसुद्धा रोजी शंभराच्या आतच होती. ती त्याच्या खात्यावर जमते, कँटीनला खर्चता येते, घरी पाठवता येते. पण दंडात आपोआप वळती होत नाही. धागालेखकांच्या हिशेबाने अण्णांचा दिवस दंडापोटी २०० चा आणि मजुरीपोटी शंभराच्या आतला. आत काम करून दंड फेडायचं म्हटलं तर नुसतं बसण्यापेक्षा दुपटीहून जास्त दिवस लागतील! म्हणून दर ठरवल्याशिवाय ही सोय आणली तर ती सोय राहणार नाही.

१ मे २०२२ ला येरवड्यात "जिव्हाळा" नावाची कर्ज योजना सुरू झाली. राज्य सहकारी बँक कैद्याला ५०,००० पर्यंत कर्ज देते, ७ टक्क्यांनी, आणि फेड त्याच्या तुरुंगातल्या मजुरीतून. घरच्या अडचणीसाठी आहे, लांब शिक्षेवाल्यांना उपयोगाची. पण कैद्याच्या कष्टाला बँक तारण म्हणून धरते ही गोष्ट मला मोठी वाटते.

दूरदेशी

मूळची सोलापूरची, माहेर साखर पेठ. आता बरीच वर्षं ह्यूस्टनजवळ राहते. इथला अनुभव लिहिते, कारण इकडे काम करून दंड फेडणं हे जुनं प्रकरण आहे.

ह्याच शहरातली गोष्ट. एका गरीब माणसाला वाहतुकीच्या गुन्ह्यांचे मिळून ४२५ डॉलर दंड झाला. भरता येईना. मग त्याला शहराच्या तुरुंग-शेतावर पाठवलं, दिवसाला ५ डॉलर वजा ह्या दराने, म्हणजे ८५ दिवस. धाग्यातल्या २०० रुपयांसारखाच हिशेब! त्या गुन्ह्यांना मुळात कैदच नव्हती, फक्त दंड होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७१ मध्ये निकाल लागला की केवळ पैसे नाहीत म्हणून दंडाची कैद करता येणार नाही. पुढे १९८३ मध्ये जॉर्जियाच्या प्रकरणात आणखी पुढचं ठरलं. दंड भरला नाही म्हणून परिवीक्षा (अटींवर तुरुंगाबाहेर राहण्याची सूट) रद्द करून आत टाकण्याआधी कोर्टाने विचारलं पाहिजे की हा मुद्दाम भरत नाही की ह्याच्याकडे खरंच नाहीत. खरंच नसतील तर आधी दुसरा मार्ग बघा.

टेक्सासमध्ये आता दंडाच्या बदल्यात सामाजिक काम सांगायची सोय कायद्यात आहे. पण मनापासून सांगते, इथे सगळं छान आहे असं अजिबात नाही. दंडावर कोर्टाचे खर्च चढतात, कित्येक ठिकाणी तुरुंगात राहण्याचे पैसेही कैद्याकडून मागतात, आणि माणूस आत जायच्या आधीपेक्षा जास्त देणं घेऊन बाहेर येतो. काम सांगतात ते ठिकाण लांब, गाडी नाही, मूल कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न. काम चुकलं की पुन्हा वॉरंट. म्हणून कुणी "अमेरिकेसारखं करा" म्हणालं तर त्यातलं फक्त ते विचारणं घ्या. नाही भरत, की नाहीत?

सेटलमेंटची_नात

मला ह्या धाग्यावर लिहायचं नव्हतं, पण "काम करायला लावा" हे चार वेळा वाचलं आणि राहवलं नाही.

सोलापुरात सेटलमेंट म्हणून भाग आहे. रिक्षावाल्याला सांगितलं तर तो बरोबर नेतो, पण नाव कुठून आलं ते नव्या पोरांना माहीत नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये काही जमातींनाच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. माणसाने काही केलेलं असो वा नसो, जन्मला की गुन्हेगार. सोलापुरात त्या लोकांना तारेच्या कुंपणात ठेवलं. माझी आज्जी त्या कुंपणात जन्मली.

आणि काम? होतं की. दिवसा गिरणीत पाठवायचे. शहराला गिरण्या चालवायला माणसं हवी होती. कामावरून परत आलं की हजेरी. पास नसेल तर बाहेर जायचं नाही. चांगली वागणूक दिसली की कुंपणाबाहेरच्या "फ्री कॉलनी"त घर मिळायचं, ती नावं आजही पत्त्यात आहेत. कागदावर सगळ्याला सुधारणा म्हणायचे. कष्टाने माणूस सुधारतो असं लिहिलेलं असायचं. आज्जीच्या आईला काय सुधारायचं होतं, तिने केलं काय होतं, हे आज्जीला मरेपर्यंत कळलं नाही. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा देशभरातून गेला. तो दिवस आम्ही पाळतो.

आज्जीला शेवटपर्यंत एक सवय होती. संध्याकाळी दिवे लागले की ती घरातली माणसं मोजायची. एक, दोन, तीन. कुणी बाहेर असेल तर तो येईपर्यंत दारात. आम्ही लहान होतो, खेळ वाटायचा. मोठी झाल्यावर कळलं, ती हजेरी होती.

म्हणून माझं म्हणणं असं की अण्णांनी स्वतःहून काम मागितलं, ते वेगळं. त्यांना मिळायला हवं होतं, आणि बाहेर राहून मिळायला हवं होतं. पण ज्या दिवशी सरकारला किंवा कुठल्या मालकाला ह्या कामाची सवय लागेल, त्या दिवसापासून दंड वाढायला लागतील आणि कुणाला पकडायचं हे कामावर ठरेल. आमच्या वस्तीत पोलीस आजही आधी येतात. स्वस्त माणसं लागली की ती कुठून आणायची हे ह्या शहराला माहीत आहे.

कडकभाकर

ताई, मी सेटलमेंटच्या शाळेसमोरून रोज जातो. हे माहीत नव्हतं. लई वेळा वाचलं तुमचं.

जुळेसोलापूरकर

मी वर भीती राहील का असं विचारलं होतं. दूरदेशी आणि सेटलमेंटची_नात ह्यांचं वाचून माझा प्रश्न बदलला. खुल्या कारागृहाचं काय? तिथे तर कैदी शेती करतात.

डाळिंबबाग

सांगोल्याचा आहे. आमच्या शेजारी आटपाडीला स्वातंत्र्यपूर आहे, १९३९ पासूनची खुली वसाहत. औंध संस्थानाच्या राजेसाहेबांनी कैद्यांसाठी वसवलेली. कुंपण नाही, बायकामुलं सोबत राहतात, जमीन कसतात. त्या माळावर पाणी आधीच कमी, तरी लोकांनी पिकवलं. पण तिथे लांब शिक्षेचे, वागणूक चांगली असलेले कैदी येतात. १२,००० च्या दंडासाठी दोन महिने आलेल्या माणसाला तिथपर्यंत कोण नेणार? मला वाटतं अण्णांसारख्यांना तुरुंग खुला असो की बंद, नकोच. घरी राहू द्या, मागावर जाऊ द्या, आठवड्याला कापून घ्या. साखर कारखाना आमच्या बिलातून सोसायटीचं कर्ज परस्पर कापतो ना, तसं.

काळा_कोट

@डाळिंबबाग, हप्त्याची तरतूद जवळपास तेच करते, फक्त दोन-तीन हप्त्यांपुरती. कायद्यात बदल मागायचाच असेल तर मी हा मागेन की हप्ते बारापर्यंत वाढवा आणि दंड ठोठावताना "लगेच भरता येईल का" हा प्रश्न न्यायाधीशांनी विचारणं सक्तीचं करा.

काल एक राहिलं. केंद्राची गरीब कैद्यांसाठी योजना आहे, २०२३ पासून. तिच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दंड भरता येत नाही म्हणून आत अडकलेल्या कैद्याचा २५,००० पर्यंतचा दंड भरता येतो, आणि जामीन मंजूर होऊनही पैशांअभावी आत असलेल्या कच्च्या कैद्याला ठरावीक रकमेपर्यंत मदत. जिल्ह्याची समिती ठरवते. तीत जिल्हाधिकारी, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, पोलीस अधीक्षक, कारागृह अधीक्षक, न्यायाधीश असतात. अमली पदार्थ, भ्रष्टाचार, मनी लाँडरिंग, दहशतवादाचे कायदे ह्यांतले कैदी वगळलेत. अण्णांचे १२,००० ह्यात सहज बसत होते.

आणि कोठडीत असलेल्या प्रत्येकाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. १९८७ च्या कायद्यातच आहे. १५१०० हा विधी सेवेचा फोन नंबर पाठ करा.

माग_आणि_मी (धागालेखक)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री अण्णांच्या घरी गेलो आणि हा धागा त्यांना आणि वहिनींना वाचून दाखवला. हप्त्याचं ऐकल्यावर वहिनी काही बोलल्या नाहीत, आत गेल्या, चहा ठेवला. अण्णांनी विचारलं, "तो कागद कोण लिहितं? आपण लिहिला तर चालतो का?"

सेटलमेंटची_नात, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. अण्णांच्या मागच्या पिढीतले लोक गिरणीत होते, त्यांना ती तार आठवते. अण्णा म्हणाले, "बाईंचं बरोबर आहे."

माझं मत आता असं झालंय. आधी हप्ते. मग योजनेतून मदत. ह्या दोन्ही वाटा बंद झाल्या तरच काम, तेही बाहेर राहून, स्वतः मागितलं तर, बाजारभावाच्या मजुरीने, आणि ज्याला इजा झाली त्याचा वाटा आधी. खाजगी मालकाकडे तर मुळीच नको. कामाने दंड फेडायचा कायदा कधी होईल तेव्हा होवो, हप्त्याचा कायदा आजही आहे आणि लोक तो माहीत नसल्याने आत जातायत.

अण्णांच्या प्रश्नावरून सुचलं. एका पानाचा कागद करूया का? हप्त्याच्या अर्जाचा साधा नमुना, कलमाचा नंबर, १५१००, आणि उरलेली रक्कम भरून कोणत्याही दिवशी सुटता येतं हे एक वाक्य. विडी घरकुलात आणि यंत्रमागाच्या शेडमध्ये लावता येईल.

काळा_कोट

मजकूर मी देतो, रविवारपर्यंत. अर्ज स्वतः लिहिला तरी चालतो, अण्णांना सांगा.

दूरदेशी

तेलुगू मी करते. आईला एकदा वाचायला देईन, तिचं तेलुगू सोलापूरचं आहे, माझं आता बिघडलंय. कन्नडसाठी कुणी आहे का? अक्कलकोटकडच्या लोकांना लागेल.

भीमाकाठचा

कन्नड मेहुणा करून देईल, मंद्रूपचा आहे. त्यात एक ओळ घाला की ज्याला मार लागलाय त्यानेही भरपाईसाठी अर्ज करावा. एवढं घातलं तर आमच्या तालुक्यात मी स्वतः वाटतो.

माग_आणि_मी (धागालेखक)

घातलीच, वरूनच दुसरी ओळ. रविवारी सकाळी दहा वाजता चार पुतळ्यांपाशी ज्यांना जमेल त्यांनी या. झेरॉक्सचा खर्च माझा.

सेटलमेंटची_नात

मी येते. अक्षर मोठं घ्या. वस्तीतल्या बायका संध्याकाळी वाचतील, घरात उजेड कमी असतो.